पाणी बेतानं सोडावं

गेल्या पावसाळ्यात अप्पांना हृदयविकाराचा झटका आला. बंद झालेली रक्तवाहिनी डॉक्टरांनी उघडली, आम्ही देवाला हात जोडले. तरीही अप्पांचं हृदय अशक्तच राहिलं. अडथळा निघाला, मग हे का?

डॉक्टर म्हणाले, "रक्त थांबतं तेव्हा इजा होतेच, ते एकदम परत आलं की आणखी थोडी होते." प्राणवायूबरोबर घातक रेणू तयार होतात, पेशींत कॅल्शियम शिरतं, सूज येते. तरी वाहिनी लवकरात लवकर उघडणं हाच खरा उपाय. आयुष्यभर शेती केलेल्या अप्पांना ते चटकन कळलं. "नीरु मेल्लगे बिडबेकु," ते म्हणाले. भेगाळलेल्या वाफ्यात पाट एकदम सोडला, तर बांध फुटतो.

दिवाळीला मामेभाऊ परदेशातून चिनी गोळ्यांची बाटली घेऊन आला. "आत्ते, हृदयाला उत्तम!" आईनं ती देवघरात ठेवली. मी मराठी शिकवणारा. पण बापाचा जीव म्हटल्यावर वाचायला बसलो.

बाटलीत होतं दानशेन, तांबड्या मुळांची, आपल्या तुळशीच्याच कुळातली वनस्पती. तिच्यातल्या द्रव्यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांत ही इजा कमी झालेली दिसते. पण प्रयोगातला उंदीर म्हणजे आपले अप्पा नव्हेत. माणसांवरची मोठी चाचणी सापडली ती दुसऱ्या औषधाची, तोंगशिनलुओची. त्यात जिनसेंगबरोबर जळू आणि विंचूही असतात! चीनमधल्या सुमारे ३,८०० रुग्णांची ही चाचणी २०२३ साली 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आली. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला हे औषध घेणाऱ्यांत तीस दिवसांत मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात अशा गंभीर घटना ३.४ टक्के होत्या. नुसत्या दिसायला तशाच गोळ्या घेणाऱ्यांत ५.२ टक्के. म्हणजे झाडपाल्याला हसण्यात अर्थ नाही.

पण पुढची ओळ वाचून घाम फुटला. दानशेनमुळे वॉरफेरिनचा परिणाम वाढतो, रक्तस्राव होऊ शकतो. अप्पा रोज रात्री वॉरफेरिनच घेत होते!

आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "अरे, झाडाचं औषध, त्यानं काय अपाय होणार?" हे वाक्य मराठीत आणि कन्नडात आपल्या घराघरांत ऐकू येतं. ज्याच्यात गुण आहे, त्याच्यात अपायही असू शकतो, एवढंच मी म्हटलं.

बाटली डॉक्टरांना दाखवली. त्यांनी ती ठेवून घेतली. अप्पा हसले, "बेड अंद्रे बेड." नको म्हणजे नको. आता सकाळी ते तुळशीला पाणी घालतात, तेही बेतानं.