कान आणि वाचा

आमच्या संस्कृत कोशांत ‘एडमूक’ असा एक शब्द आहे. जो बहिरा आणि मुकाहि, तो एडमूक. हा शब्द मीं वर्षानुवर्षें मुलांस शिकविला. परंतु त्यांतील कार्यकारणभाव मला उमगला तो म्हातारपणीं, घरांतील एका लहानग्यामुळें.

माझे धाकटे बंधु धुळ्यास असतात. त्यांचा नातू दीड वर्षाचा झाला तरी बोलेना. “आपल्या घराण्यांत मुलगे उशिरांच बोलतात,” असें भावजय म्हणत, आणि मीहि जळगांवीं बसून त्यांचीच री ओढीत असें. सूनबाईला मात्र चैन पडेना. पाठीमागें भांडें पडलें तरी मूल दचकत नाहीं, हें तिनें हेरलें होतें. तिच्याच आग्रहानें तपासणी झाली, आणि दोन्ही कानांनीं जवळजवळ कांहींच ऐकूं येत नाहीं असें ठरलें.

डॉक्टरांनीं सांगितलें तें असें : कानाच्या आंत गोगलगाईच्या शंखासारखी सुमारें अडीच वेढ्यांची पोकळी असते. तेथील सूक्ष्म केशपेशी ध्वनीचें विद्युत्संदेशांत रूपांतर करून श्रवणतंतूस देतात. त्याच नष्ट झाल्या तर साधें श्रवणयंत्र नुसता आवाज वाढवून काय करणार? ‘कॉक्लिअर इम्प्लांट’मध्यें विद्युदग्रांचा बारीक धागा त्या पोकळींत सरकवितात. कानामागील यंत्र आवाज टिपतें, आणि संदेश थेट श्रवणतंतूस पोंचतात. १९७८ सालीं मेलबर्न येथें डॉ. ग्रेम क्लार्क यांनीं अनेक विद्युदग्रांचें असें यंत्र एका बहिऱ्या गृहस्थास बसविलें होतें. खर्च लाखांच्या घरांत जातो. परंतु केंद्र सरकारच्या ‘एडिप’ योजनेंतून गरजू घरांतील लहान मुलांस साहाय्य मिळतें. मुंबईची अली यावर जंग संस्था तें काम पाहते.

मुंबईस शस्त्रक्रिया झाली. खरी तपश्चर्या पुढेंच होती. जन्मापासून निःशब्द राहिलेल्या मेंदूस आवाजाचा अर्थ शिकावा लागतो, आणि तें शिक्षण पहिल्या कांहीं वर्षांतच सुलभ असतें. “ही घंटा, हें नळाचें पाणी,” असें सूनबाई रोज तासन्‌तास सांगत बसे. परवां मी गेलों, तेव्हां पाठमोऱ्या बसलेल्या त्या पोरानें माझी हांक ऐकून मान वळविली आणि बोबडें कां होईना, “आजोबा” म्हटलें.

डोळे भरून आले, आणि त्याच क्षणीं मागल्या बाकावरचा माझा एक जुना विद्यार्थी आठवला. लक्ष देत नाहीं म्हणून मीं त्यास कितीदां उभें केलें! त्यास ऐकूंच येत नसेल, ही शंका मला कधीं शिवली नाहीं.

घरांतील वडील मंडळींस एवढीच विनंति : मूल बोलत नसेल तर घराण्याचे दाखले देऊं नका, आधीं त्याचे कान तपासून घ्या.