सर्व्हर फुल्ल! आणि त्यामागचं भन्नाट गणित

गणिताच्या शिकवण्या घेणाऱ्या माणसाला त्याचं सगळ्यात लाडकं गणित कोणतं असं विचारलं, तर तो घुटमळतो. सगळीच लाडकी असतात. पण हल्ली मला कुणीही विचारावं, निफाडच्या बसस्थानकावर गाठून विचारावं, मी एका दमात सांगेन: नवा ऑनलाइन गेम खुला होतो त्या पहिल्या दिवशी सर्व्हरवर जी झुंबड उडते, ती आवरण्याचं गणित! लाखो माणसं, एकच दार आणि घड्याळातलं एकच मिनिट. इतकं जिवंत गणित मी आजवर पाहिलं नव्हतं, आणि आता ते भेटेल त्याला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

निमित्त झालं अकरावीतल्या पुतणीचं. ती आणि तिच्या मैत्रिणी एका नव्या गेमची कधीपासून वाट पाहत होत्या. संध्याकाळी तो खुला झाला आणि पडद्यावर खेळाऐवजी एक चौकोन आला. वर ‘सर्व्हर भरला आहे’, खाली रांगेतला तिचा चार आकडी क्रमांक, त्याखाली अंदाजे किती वेळ लागेल ते. क्रमांक उतरत होता, पण कसा? एकदम तीस-पस्तीसने घसरायचा, मग बराच वेळ ढिम्म, मग दोन, मग पुन्हा एकदम वीस. ती वैतागली होती. मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो.

“अगं, मग त्यांनी अजून एक सर्व्हर लावायचा ना!”

“लावतात हो काका. पण एका जगात किती माणसं मावणार, त्याला काही मर्यादा असते की नाही?”

एका जगात किती माणसं मावणार! हे वाक्य डोक्यात शिरलं आणि झोप उडाली. गेम बनवणाऱ्या इंजिनिअरांची पुतणीने दाखवलेली भाषणं ऐकली, त्यांनी लिहिलेलं जे सापडेल ते वाचत सुटलो.

सर्व्हर करतो काय? तो गेमच्या जगाचं घड्याळ चालवतो. समजा त्याचे सेकंदाला ३० ठोके. म्हणजे प्रत्येक ठोक्याला हातात वेळ किती, तर ३३ मिलिसेकंद. तेवढ्यात कोण कुठे सरकलं, कुणी कुणाला मारलं, कुणाची ढाल आडवी आली, हे सगळं ठरवायचं आणि ज्याला त्याला कळवायचं. आता गंमत बघा. एका चौकात ५० खेळाडू उभे आहेत. प्रत्येकाला बाकीच्या ४९ जणांची खबर हवी. ५० गुणिले ४९, म्हणजे एका ठोक्याला २,४५० खबरा. खेळाडू दुप्पट करा, १०० करा. खबरा किती? ९,९००! २०० करा, ३९,८००! माणसं दुपटीने वाढली की काम जवळजवळ चौपटीने वाढतं. वर्गात मी वर्गाचा आलेख वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आलोय. तोच आलेख इथे एका आभासी चौकात उभा राहून सर्व्हरचा घाम काढतोय! म्हणून तर जगाला मर्यादा घालावी लागते. मर्यादेपलीकडे माणसं आत घेतली, तर ठोके चुकू लागतात आणि आत असलेल्या प्रत्येकाचा खेळ अडखळतो. दारातली रांग म्हणजे आतल्यांच्या खेळाचं संरक्षण आहे.

आणि ही रांग किती वेळ चालणार? त्याचं उत्तर इतकं सोपं आहे की ते कळल्यावर मी जागेवरून उठलो. अॅमेझॉनचा ‘न्यू वर्ल्ड’ हा गेम २८ सप्टेंबर २०२१ रोजी आला. त्यात एकेका जगात साधारण दोन हजार खेळाडूंची सोय होती. आपण मनाने धरू, की माणूस सरासरी चार तास खेळतो. म्हणजे तासाला ५०० जण बाहेर पडणार आणि ५०० आत येणार. तुमच्यापुढे १,५०० जण असतील तर तुम्हाला तीन तास थांबायचंय. झालं! आत किती माणसं, ती किती वेळ राहतात आणि कोणत्या वेगाने येतात-जातात, या तिघांना बांधणारा नियम अमेरिकेतल्या जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध करून दाखवला. एक गुणाकार, बस. त्याच्याही आधी, १९०९ साली, कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे अॅग्नर एर्लांग यांनी फोन लावणाऱ्यांच्या गर्दीवर गणित मांडलं होतं. टेलिफोनच्या तारांपासून निघालेला धागा थेट माझ्या पुतणीच्या पडद्यापर्यंत येतो!

खरं तर आपल्या निफाड तालुक्याला हे गणित अंगवळणी पडलेलं आहे. लासलगावच्या बाजार समितीत उन्हाळ कांद्याची आवक वाढली की ट्रॅक्टरांची रांग लागते. शेवटच्या ट्रॅक्टरवर बसलेल्या शेतकऱ्याला पुढे किती वाहनं आहेत हे दिसतच असतं. त्याची नजर असते ती लिलाव किती झपाट्याने पुढे सरकतोय, काट्यावर वजन होऊन किती ट्रॉल्या खळ्यावर रिकाम्या व्हायला चालल्यात, याच्यावर. लिटलसाहेबांचा नियम त्याने कधी वाचला नसेल, पण तो त्याच नियमाने हिशेब करतो. आणि समितीचे विंचूरला नि निफाडला उपबाजार आहेत, त्यामुळे सगळा भार एकाच आवारावर येत नाही. गेमवाले जगाच्या अनेक प्रती काढतात ती हीच युक्ती.

आता खरी मेख ऐका. रांग लागली की लोक घाबरतात. आत शिरलेला माणूस मनात म्हणतो, बाहेर पडलो तर पुन्हा तीन तास थांबायचं! मग तो जेवायला उठतो तेव्हाही गेम चालूच ठेवतो. सरासरी चार तासांचे सहा तास होतात, बाहेर पडणाऱ्यांचा वेग मंदावतो, रांग आणखी वाढते, लोक आणखी घाबरतात. रांगच रांगेला जन्म देते! जपानच्या स्क्वेअर एनिक्सचा ‘फायनल फँटसी १४’ घ्या. डिसेंबर २०२१ मध्ये त्याचा ‘एंडवॉकर’ हा नवा भाग आला आणि अशी गर्दी लोटली की रांगेलाही मर्यादा घालावी लागली. एका डेटा सेंटर गटाच्या रांगेत १७,००० माणसं झाली, की पुढच्याला रांगेतसुद्धा जागा नाही! जास्त सर्व्हर आणावेत, तर त्या काळात जगभर चिपांचा तुटवडा. मग त्यांनी काय केलं? बराच वेळ हालचाल न करणाऱ्यांना बाहेर काढण्याची सोय केली, खेळाडूंना आधी ७ आणि मग आणखी १४ दिवस फुकट खेळायला दिले आणि चक्क आपल्याच गेमची विक्री थांबवली! धंदा तेजीत असताना दुकानदाराने स्वतः गिऱ्हाइकाला ‘जरा थांबा’ म्हणावं! निर्माते नाओकी योशिदा प्रत्येक टप्प्यावर लांबलचक पत्रं लिहून, काय अडलंय ते खेळाडूंना आकड्यांसकट समजावून सांगत राहिले. हे वाचताना माझ्या मनात त्या माणसाबद्दल आदर दाटून आला.

मग पहिल्या दिवसापुरते हवे तितके सर्व्हर का घेऊन ठेवत नाहीत? कारण गर्दी टिकत नाही. न्यू वर्ल्डवर सुरुवातीच्या दिवसांत एका वेळी ९ लाखांहून जास्त खेळाडू होते. पुढच्या काही महिन्यांत जगं ओस पडू लागली आणि कंपनीला ती एकमेकांत विलीन करावी लागली. ओस पडलेलं जग म्हणजे खेळाडूला भरलेल्या जगापेक्षा मोठी शिक्षा, सोबत खेळायला माणूसच नाही! ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक’ने ऑगस्ट २०१९ मध्ये यावर काय देखणा तोडगा काढला! सुरुवातीला एकाच जगाचे एकावर एक थर. दोन खेळाडू एकाच डोंगरावर, पण वेगवेगळ्या थरात, म्हणून एकमेकांना दिसत नाहीत. गर्दी ओसरली की थर मिटवत जायचे, आणि शेवटी सगळे एकाच जगात. खेळाडूला घर बदलावं लागत नाही, गावच हळूहळू एक होतं.

पण ज्या युक्तीने मला अक्षरशः वेड लावलं ती आइसलँडच्या सीसीपी कंपनीची. त्यांच्या ‘ईव्ह ऑनलाइन’मध्ये अंतराळातल्या लढाईला हजारो जण एकाच ठिकाणी जमतात. थर काढता येत नाहीत, कारण सगळ्यांना तीच लढाई लढायची असते. मग काय करायचं? काळच संथ करायचा! सर्व्हरला भार पेलेना झाला की त्या भागातला गेमचा काळ मंदावतो, अगदी दहा टक्क्यांपर्यंत. एका सेकंदाचं काम दहा सेकंदांत. सगळ्यांना सारखंच संथ, म्हणून कुणावरही अन्याय नाही. २७-२८ जानेवारी २०१४ ला बी-आर५आरबी नावाच्या ताऱ्याजवळ अशी लढाई पेटली. साडेसात हजारांवर खेळाडू, सुमारे एकवीस तास झुंज, आणि ७५ टायटन, म्हणजे त्या गेममधली सगळ्यात अजस्र जहाजं, भस्मसात! गर्दीसाठी काळाला लगाम घालण्याचं ज्याला सुचलं असेल, त्याला मला एकदा भेटायचंय.

आणि दारावरची धक्काबुक्की? लाखभर फोनांना एकाच वेळी ‘नंतर प्रयत्न करा’ असं उत्तर गेलं आणि सगळ्यांनी बरोबर पाच सेकंदांनी पुन्हा धडक दिली, तर दार कधी उघडणारच नाही. म्हणून प्रत्येक फोन दर वेळी आधीपेक्षा जास्त थांबतो आणि त्यात थोडा स्वैर वेळ मिसळतो. कुणी चार सेकंद, कुणी सात, कुणी अकरा. धडक पसरते आणि तिचा ओघ होतो. ही युक्ती १९७०च्या दशकात इथरनेट घडवणाऱ्यांनी वापरली होती. फासे टाकून शिस्त आणायची! संभाव्यतेच्या धड्याला याहून सुंदर उदाहरण मी कुठून आणू?

तरीही अंदाज कोसळतातच. जुलै २०१६ मध्ये ‘पोकेमॉन गो’ आला. वाईटातली वाईट परिस्थिती म्हणून अपेक्षेच्या पाचपट गर्दी धरली होती. प्रत्यक्षात आली पन्नासपट! हा गेम गुगलच्या सर्व्हरांवर चालायचा; तिथल्या इंजिनिअरांनी चालू खेळाखाली हजारावर यंत्रं जोडली. फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘फोर्टनाइट’वर एकाच वेळी ३४ लाख खेळाडू आले तेव्हा अडचण आली ती मैदानाबाहेर, खेळाडूंच्या खात्यांची नोंद ठेवणाऱ्या सेवेत. शंभर जणांचा सामना संपला की त्याची खोली मोडता येते, पण नावनोंदणीच्या टेबलाला सुट्टी नसते.

हे सगळं साता समुद्रापार चालतं असं समजू नका. पुण्याच्या सुपरगेमिंगने ‘इंडस’ हा बॅटल रॉयल, म्हणजे शेवटी उरेल तो जिंकेल असा, गेम १६ ऑक्टोबर २०२४ ला आणला, आपल्या मराठी मुलखातून! आणि गर्दी पेलण्याचा जागतिक धडा मुंबईतून चालणाऱ्या हॉटस्टारने दिला, तोही क्रिकेटवर. १० जुलै २०१९, विश्वचषकाचा उपांत्य सामना, भारत विरुद्ध न्यूझीलंड. एकाच वेळी अडीच कोटी लोक बघताहेत. धोनी धावबाद होतो आणि अख्खा देश ‘बॅक’चं बटण दाबतो! चित्रफितीवरचा भार क्षणात कोसळतो, पण ते सगळे मुखपृष्ठावर येऊन आदळतात. हॉटस्टारच्या लोकांनी याची तालीम आधीच करून ठेवली होती. यंत्रं सामन्याआधीच वाढवून ठेवायची, कारण गर्दी आल्यावर वाढवायला गेलात तर उशीर झालेला असतो. भार असह्य झालाच, तर तुमच्या आवडीनुसार शिफारशी दाखवण्यासारखे लाड बंद करायचे आणि सामना मात्र चालू ठेवायचा. काय सोडायचं आणि काय जिवापाड जपायचं, हे आधीच ठरवून ठेवायचं!

आणि आपलं निफाड यात कुठे बसतं? इथून सर्व्हरकडे निरोप नेणाऱ्या काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. निफाडहून मुंबई साधारण दोनशे किलोमीटर. म्हणजे प्रकाशाला लागतो एक मिलिसेकंद! मुंबईत २०१६ मध्ये अॅमेझॉनची आणि पुढच्याच वर्षी गुगलची क्लाउड केंद्रं आली. त्याआधी बरेच खेळ सिंगापूरच्या सर्व्हरवरून खेळावे लागायचे, चार हजार किलोमीटर पलीकडे. म्हणूनच मुंबईतली यंत्रं भरली, तर ‘अमेरिकेतल्या रिकाम्या सर्व्हरवर पाठवा’ हा उपाय चालत नाही. तिथून उत्तर येईपर्यंत इथला गडी बाद झालेला असतो. प्रकाशाचा वेग कुणालाच वाढवता येत नाही.

पुतणीचा क्रमांक अडखळत का उतरत होता, तेही मला कळलं. आतले मित्रमैत्रिणी टोळीने खेळतात आणि टोळीनेच उठतात. रांगेतलेही काही कंटाळून निघून जातात. म्हणून एकदम तीस, मग काहीच नाही, मग दोन. तो चौकोन अख्ख्या जगाची नाडी दाखवत होता!

माझं म्हणणं एवढंच आहे: गर्दी सांभाळणं म्हणजे माणसाला न्यायाने थांबवणं, आणि तुझा नंबर कितवा, किती वेळ लागेल, हे त्याला खरं सांगणं. हे शिकायला महागडं यंत्र लागत नाही. निफाडच्या, पिंपळगावच्या, ओझरच्या पोरांनो, पुढचा मोठा गेम खुला होईल तेव्हा वही घेऊन बसा. दर पाच मिनिटांनी क्रमांक टिपा, त्याचा आलेख काढा, आपण आत कधी शिरणार याचं भाकीत स्वतः मांडा आणि पडद्यावरच्या अंदाजाशी ताडून बघा. मग ती वही घेऊन माझ्याकडे या. एर्लांगपासून सुरुवात करू!