लोटाच्या वाटणीची जमीन

धंदा वाढवायचा असेल तर जुन्या सवयी सोडा, जुनी माणसं सोडा, असं हल्ली मोबाईलवर रोज कोणी ना कोणी सांगत असतं. मी दोन्ही सोडलं. पहिलं जमलं. दुसऱ्याबद्दल आज लिहिते.

बेळगावच्या कॅम्प भागात, ताईच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघींनी केक करायला सुरुवात केली. ताई म्हणजे माझी मावसबहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. एरवी वाढदिवसाचे केक, नाताळात कलकल आणि नेवऱ्या. एक ओव्हन, एक वही. मिस्सा संपली की चर्चच्या दारातच ऑर्डर मिळायची आणि पैसे "देते गं पुढच्या रविवारी". आपल्याच धर्मग्रामातल्या माणसाकडे आगाऊ रक्कम कशी मागायची? लोण्याचा भाव वाढला तरी आमचा भाव तोच. एका जानेवारीत हिशेब केला तर वहीत ४१,००० रुपयांची उधारी निघाली. त्यातली निम्मी माझ्या अक्षरात होती. हे सांगायलाच हवं, कारण नंतर मी सगळीकडे "ताईमुळे अडकले" असंच सांगत फिरले.

मग मी हट्टाला पेटले. निम्मी रक्कम आधी. धंद्याचं बँक खातं वेगळं. प्रत्येक केकमागे मैदा, अंडी, लोणी, गॅस, डबा आणि आपले तास मांडायचे. पहिल्यांदा तास धरले तेव्हा कळलं, की आमचा सगळ्यात जास्त खपणारा केक आम्ही पदरमोड करून विकत होतो! पहिल्या महिन्यात चार ऑर्डरी गेल्या. वाटलं होतं तेवढं आभाळ काही कोसळलं नाही.

ताईला हे पटेना. "आपण केक विकतोय की पोलीस ठाणं काढलंय?" म्हणाली. आम्ही दोघी तोंडावर कधी भांडलो नाही. भांडायच्या त्या मदतीला येणाऱ्या मुली. एक तिचं ऐकायची, दुसरी माझं. शेवटी मीच म्हटलं, वेगळ्या होऊ.

उत्पत्तीच्या १३व्या अध्यायात असंच घडतं. अब्राहाम आणि लोट यांची गुरंढोरं इतकी वाढतात की जमीन दोघांना पुरत नाही, आणि भांडतात ते गुराखी. अब्राहाम वडीलधारा, तरी निवड पुतण्याला देतो. लोट नजर वर करून पाहतो आणि यार्देनेकाठचा भरपूर पाण्याचा प्रदेश घेतो. वर्षभर मी या अध्यायाचा आधार घेतला. देवाचा माणूससुद्धा वेगळा झाला ना? आणि मी अर्थातच अब्राहाम.

धर्मशिक्षणाच्या वर्गात हाच धडा घेत होते, तेव्हा एका मुलीने विचारलं, "टीचर, मग चांगली जागा कोणाला मिळाली?" उत्तर दिलं आणि माझंच मन मला खाऊ लागलं. आमच्या वाटणीच्या दिवशी ताई म्हणाली होती, "तुला हवं ते घे." मी हॉटेलांच्या आणि केटररांच्या ऑर्डरी घेतल्या होत्या. तिच्याकडे राहिला जुना ओव्हन आणि ती वही, उधारीसकट.

त्या दिवशीही तिला फोन करायचा धीर झाला नाही. मिस्सेला आम्ही दोन टोकांच्या बाकांवर बसायचो.

गेल्या २२ डिसेंबरला माझा नवा ओव्हन बंद पडला. ६० केक बाकी होते. फोन मी केला नाही, माझ्याकडच्या मुलीने केला. ताईने एवढंच विचारलं, "किती राहिलेत?" आम्ही भांडी उचलून तिच्याकडे गेलो. तिचा ओव्हन लहान, त्यामुळे पहाटेपर्यंत काम चाललं. वेगळं झाल्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. पुढच्याच, १४व्या अध्यायात लोट शत्रूच्या हाती सापडतो आणि अब्राहाम ३१८ माणसं घेऊन त्याला सोडवायला धावतो. तो भाग मी वर्षभरात एकदाही उघडला नव्हता.

अब्राहामाने सदोमच्या राजाकडून जोड्याचा बंदही घेतला नाही. ताईने मात्र सकाळी मजुरी मांडली. तिची, मुलीची, वर गॅस. "तास धरायचे असतात ना?" म्हणाली आणि चहा ठेवला.

मी म्हटलं, "त्यात वहीतली माझ्या अक्षरातली उधारीही धर."

ती काही बोलली नाही. बंद केलेलं पेन तिने पुन्हा उघडलं.