आलेल्यांचं बेट

आमा नावाच्या गावाला जायचं तर आधी समुद्राची मर्जी सांभाळावी लागते. जपानच्या शिमाने प्रांताच्या किनाऱ्यावर शिचिरुई नावाचं बंदर आहे. तिथून निघालेली फेरीबोट तीनेक तासांनी ओकी बेटांपाशी पोचते. पोचते म्हणजे, वाऱ्याच्या मनात असेल तर. हिवाळ्यात वायव्येचं वारं सुटलं की बोट रद्द, आणि बोट रद्द म्हणजे ताजं दूध नाही, पाव नाही, टपाल नाही, परगावी निघालेला पाहुणा आणखी दोन दिवस घरातच. घड्याळ बघत जगणाऱ्या जपानात ‘बघू, उद्या बोट आली तर’ हे वाक्य जिथे रोज बोलता येतं, अशा थोड्या जागांपैकी ही एक.

साठ लाख वर्षांपूर्वी इथे ज्वालामुखी होता. त्याचं पोट खचलं, समुद्र आत शिरला, आणि कडेचे जे तुकडे पाण्यावर उरले त्यांची तीन बेटं झाली. त्यातल्या नाकानोशिमा या बेटावर आमा हे एकच नगर आहे. नगर म्हणायचं ते सरकारी कागदावर. विस्तार सुमारे 33 चौरस किलोमीटर आणि वस्ती 2300 च्या आसपास. तिन्ही बेटांच्या मधला समुद्र इतका निवांत असतो की बाहेर लाटा उसळताहेत हे खरं वाटत नाही. झऱ्यांना पाणी भरपूर, म्हणून भातशेती आहे. बंदरातून दहा मिनिटं आत चालत गेलात की समुद्र दिसेनासा होतो. मग दोन्ही बाजूंना खाचरं, मधून डांबरी सडक, आणि बांधावर वाकलेली एखादी आजी मान वर करून तुमच्याकडे सरळ बघते. ओळख नसली तरी तुम्ही वाकून नमस्कार करायचा. न केलात तर संध्याकाळपर्यंत ती गोष्ट गावभर झालेली असते.

या बेटाचा इतिहास मुख्यतः दुसऱ्यांनी नको म्हटलेल्या माणसांचा आहे. ओकी म्हणजे राजधानीपासून दूर, पण बुडून मरणार नाही इतकं मोठं बेट. त्यामुळे क्योतोच्या दरबाराने नावडती माणसं शतकानुशतकं इथे पाठवली. आपल्याकडे अंदमानचं काळं पाणी जसं, तसंच. फरक एवढाच की इथे येणारे बहुधा कवी आणि दरबारी असत. 838 साली ओनो नो ताकामुरा नावाचा विद्वान आला. चीनला जाणाऱ्या शिष्टमंडळात जायला त्याने नकार दिला, वर दरबाराची टिंगल करणारी कविता लिहिली, हा त्याचा गुन्हा. आणि 1221 साली आला साक्षात निवृत्त सम्राट गोतोबा.

गोतोबा तिसऱ्या-चौथ्या वर्षी सिंहासनावर बसला, अठराव्या वर्षी पायउतार झाला, आणि पडद्याआडून कारभार बघू लागला. कविता, घोडदौड, तलवारी, सगळ्यात त्याला गती. तलवारी तर तो हौसेने स्वतः घडवायचा. कामाकुराच्या लष्करी सत्तेविरुद्ध त्याने उठाव केला आणि तो जेमतेम महिनाभरात मोडून पडला. चाळिशी ओलांडलेल्या या माणसाला डोकं भादरून बोटीत बसवलं. 1239 मध्ये मरेपर्यंत तो आमामध्ये राहिला. परतीचा हुकूम कधी आलाच नाही.

या अठरा-एकोणीस वर्षांत त्याने काय केलं? विलाप केला, तो प्रसिद्ध आहे. मला त्याचं दुसरं एक काम अधिक मोठं वाटतं. सत्तेवर असताना त्याने ‘शिनकोकिनशू’ हा काव्यसंग्रह सिद्ध करवला होता, जवळजवळ 2000 कवितांचा. बेटावर बसून त्याने तो पुन्हा हाती घेतला आणि सुमारे 400 कविता काढून टाकल्या. स्वतःच्याही सोडल्या नाहीत. आपल्या कविता यात फार झाल्या, असं त्याने नोंदवूनही ठेवलं. दरबारात असताना भोवतीचे लोक वाहवा करतात, तेव्हा आपली कविता आपण कशी काढणार? त्यासाठी मध्ये समुद्र पडावा लागतो. मराठीतल्या काही संपादकांना अशा बेटावर ठेवण्याची सोय व्हावी, असं मला अधूनमधून वाटतं, पण ते असो.

आश्चर्य या राजाचं नाही, गावाचं आहे. ज्याला देशाने टाकून दिलं, त्याला या लोकांनी सांभाळलं. मुराकामी नावाच्या घराण्याने त्याच्या स्मृतिस्थळाची राखण पिढ्यान्‌पिढ्या केली. सातशेव्या स्मृतिवर्षी, 1939 मध्ये, ओकी जिंजा हे देऊळ उभं राहिलं. गावकरी त्याला आजही ‘गोतोबान-सान’ म्हणतात, म्हणजे शेजारच्या आळीतल्या म्हाताऱ्याचं नाव घ्यावं तसं. तळ्यातले बेडूक फार ओरडत होते, गोतोबान-साननी गप्प बसा म्हटलं आणि ते बसले, ही कथा सांगताना त्यांच्या बोलण्यात भक्तीपेक्षा कौतुक अधिक असतं.

1892 च्या उन्हाळ्यात लेखक लाफकॅडिओ हर्न पत्नी सेत्सूसह या बेटांवर आला. गोरा माणूस बघायला लोकांची झुंबड उडाली. आमाचं बंदर हिशिउरा, तिथल्या खाडीच्या तो प्रेमात पडला. आता बंदराजवळ त्या दोघांचे पुतळे बाकावर बसलेले आहेत. हर्नबद्दल इतकं पुरे. त्याच्यावर लिहिणारे खूप आहेत.

मग नेहमीचंच सुरू झालं. 1950 च्या सुमाराला बेटावर 7000 च्या आसपास माणसं होती. तरुण मुलं शिकायला गेली आणि तिकडचीच झाली. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. सरकारने धक्के आणि रस्ते बांधायला पैसा दिला, त्यावर गाव तगलं आणि कर्जातही बुडालं. या शतकाच्या सुरुवातीला कर्जाचा आकडा 1000 कोटी येनपर्यंत गेला होता. शेजारच्या गावांत विलीन व्हा, असा वरून आग्रह सुरू झाला. पण शेजारी कुठे? मध्ये समुद्र. 2002 मध्ये निवडून आलेले नगराध्यक्ष यामाउची मिचिओ आणि गाव, दोघांनी ठरवलं की एकटं राहायचं. यामाउचींनी स्वतःचा पगार निम्मा केला. ते पाहून कर्मचारी पुढे आले, आमचाही कापा म्हणाले. ज्येष्ठांच्या मंडळाने बसभाड्यातली सवलत परत केली, असंही सांगतात. मला यातला त्याग जितका भावतो, तितकीच त्यामागची व्यवहारबुद्धीही. वाचवलेला पैसा त्यांनी लहान मुलांवर आणि नव्या धंद्यांवर लावला.

धंदे म्हणजे काय, तर समोर होतं तेच. बेटावरची माशांची पेटी बोटीने जाईपर्यंत पलीकडचा सकाळचा लिलाव उरकलेला असायचा आणि शिळ्या मालाचा भाव मिळायचा. म्हणून 2005 मध्ये गावाने नव्या पद्धतीचं शीतकरण यंत्र आणलं. त्यात म्हाकूल आणि कालवं अशी गोठतात की वितळल्यावरही ताजी लागतात. मग बोट चुकली तरी चिंता उरली नाही. इथे घरोघरी करीमध्ये मटणाऐवजी साझाए घालायची रीत होती. साझाए म्हणजे खडकाला चिकटणारा काटेरी शंख, त्यातलं मांस. मटण विकत आणायचं आणि शंख दारातच, म्हणून शंख. गावाला त्यात विशेष काही वाटत नव्हतं, किंबहुना थोडी लाजच वाटत असावी. बाहेरून आलेल्या कुणीतरी ‘अरे, हे विका की’ म्हटलं, आणि आज ती करी पाकिटात बंद होऊन दुकानात मिळते. खाताना दातांखाली जरा चामट लागते, मागून शंखाच्या पोटाचा किंचित कडवटपणा येतो. पहिल्या घासाला आवडेलच असं नाही.

सगळ्यात अवघड गोष्ट होती शाळा. तिन्ही बेटांत एकच हायस्कूल, तेही आमात. 2008 मध्ये तिथे नव्वदच्या आत मुलं उरली होती. शाळा बंद पडली असती तर पंधराव्या वर्षीच मुलं बाहेर, त्यांच्यामागे आईबापही, आणि दहा वर्षांत गाव संपलं असतं. तेव्हा या लोकांनी शतकांपूर्वीचीच रीत उलट्या दिशेने वापरली. पूर्वी मुख्य भूमीवरून माणसं हाकलून इथे पाठवत. आता यांनी तोक्यो-ओसाकाच्या मुलांना स्वतःहून बोलावलं. मुलं आली. दहा वर्षांच्या आत संख्या दुप्पट झाली. वसतिगृहात राहणाऱ्या प्रत्येक मुलाला गावातलं एक घर जोडून दिलेलं असतं. त्या घरच्या मंडळींना ‘शिमा-ओया’, बेटावरचे आईबाप, म्हणतात. रविवारी जेवायला बोलवायचं, लावणीला शेतात न्यायचं, आजारी पडलं तर कपभर फुकुगी चहा पाजायचा. हा चहा कुरोमोजी नावाच्या झुडपाच्या काटक्या उकळून करतात. रंग फिका गुलाबी आणि वास असा की जवळ नेला की नाक आपोआप मोकळं होतं.

याला स्वर्ग समजू नये. गावात चोवीस तास उघडं असणारं दुकान नाही, सिनेमाघर नाही, आणि एकांत तर नाहीच. कोण कुणाच्या गाडीत बसलं हे दुपारपर्यंत सगळ्यांना ठाऊक. आलेल्यांपैकी कितीतरी परत जातात. मार्चअखेरीला शिकून निघालेली मुलं आणि बदली झालेले शिक्षक बोटीच्या कठड्याशी उभे राहतात. त्यांच्या हातातून धक्क्यावरच्या माणसांच्या हातात रंगीत कागदी फिती गेलेल्या असतात. बोट सरकते, फिती ताणतात, तुटतात. रडणं उघड्यावर चालतं. जपानी माणूस भावना लपवतो म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी हिशिउराला यावं.

त्याच धक्क्यावर ऑगस्टअखेरीला ‘किन्न्यामोन्या’ या गाण्यावर नाचतात. हे गाणं 1877 च्या बंडात क्यूशूला गेलेल्या एका शिपायाने परत येताना आणलं, असं बेटावर सांगतात; म्हणजे तेही मूळचं इथलं नाहीच. नाचणाऱ्याच्या दोन्ही हातांत भात वाढायचे लाकडी चमचे असतात, आणि ते एकमेकांवर आपटत हजारेक माणसांची रांग बंदराजवळच्या रस्त्याने पुढे सरकते. बँकेतला कारकून, मच्छीमार, शाळेची मुलं, तोक्योहून गेल्याच महिन्यात आलेली मुलगी, सगळ्यांचे चमचे कटाकट वाजतात. कडेला उभं राहून फोटो काढणारा कुणी दिसला की रांगेतली एखादी बाई न विचारता आपली जोडी त्याच्या हातात कोंबते, दुसरी कमरेच्या पट्ट्यातून काढते आणि हनुवटीने पुढे दाखवते: चल, पाय उचल, मागचे खोळंबलेत.