सबब आणि नकार

मित्रांच्या टोळक्यात नको असलेली गोष्ट टाळायला दोन वाटा असतात. एक सबब सांगण्याची, दुसरी सरळ नाही म्हणण्याची. पहिल्या वाटेने जाणारा एखादे कारण पुढे करून स्वतः त्याच्या आड उभा राहतो. ‘अँटिबायोटिक चालू आहे’, ‘आज चतुर्थी आहे’, ‘गाडी चालवायची आहे’, ‘घरी कळलं तर बाबा तंगडं तोडतील’ ही त्याची नेहमीची कारणे. दुसऱ्या वाटेने जाणारा एवढेच सांगतो की तो घेत नाही, ओढत नाही, येणार नाही. मुलांना वर्गात शिकवली जाते ती दुसरी वाट, आणि वर्गाबाहेर बहुतेक जण चालतात ते पहिलीने. यात मुलांचा भित्रेपणा शोधण्याआधी दबाव कोणत्या वेषात येतो ते पाहायला हवे.

समवयस्कांचा दबाव बहुधा धमकी देत येत नाही, तो जवळीक घेऊन येतो. ‘आज बसायचं का?’ असे विचारणारा हा परीक्षेच्या आदल्या रात्री वही देणारा, वडील दवाखान्यात असताना रात्रभर बाकावर सोबत करणारा मित्रच असतो. तंबाखू मळून, चुन्याची धूळ झटकून पुढे केलेली चिमूट हे आपलेपणाचे लक्षण मानले जाते. कामाच्या जागी कितीतरी ओळखी तिच्यापासूनच सुरू होतात. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे, पण त्याची पुडी अजूनही हातोहात फिरते, ती याच नात्यांच्या आधाराने. अशा वेळी ‘नको’ म्हणणाऱ्याला पुडीपेक्षा तो हात झिडकारल्यासारखे वाटते. मग ‘भाव खातोय’, ‘आमच्यात बसायचं तर एवढं चालतं’, ‘मित्रासाठी एक घोट नाही?’ ही वाक्ये येतात. यातले एकही वाक्य दारूबद्दल किंवा तंबाखूबद्दल नसते. प्रत्येक वाक्य मैत्रीबद्दल असते, आणि म्हणूनच ते लागते.

मराठी घरांत यात आणखी एक भर पडते. पंगतीत आग्रह हा आदरातिथ्याचा भाग आहे. जिलबीचे ताट घेऊन आलेला वाढपी पहिल्या ‘नको’ला थांबत नाही, थांबला तर यजमानालाच कमीपणा वाटतो. पाहुणा पानावर हात आडवा धरतो, तरी बोटांच्या फटीतून जिलबी पानात पडतेच, आणि ती त्याने खावी अशीच सगळ्यांची अपेक्षा असते. या रिवाजात प्रेम आहे यात शंका नाही. पण त्यात वाढलेल्या मुलाच्या मनात बसते ते असे, की पहिले ‘नको’ कोणी खरे धरत नाही, ‘पित्त झालंय’ किंवा ‘डॉक्टरांनी गोड बंद केलंय’ म्हटल्यावर मात्र ताट पुढे सरकते. इच्छेला किंमत नाही आणि कारणाला आहे, हा धडा त्याला कोणी मुद्दाम देत नाही, तरी तो पक्का होतो. पुढे चौदाव्या-पंधराव्या वर्षी सिगारेट समोर येते तेव्हा देणाराही याच धड्यावर वाढलेला असतो आणि नाकारणाराही.

एकट्याने गटाविरुद्ध बोलणे किती जड जाते, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९५०च्या सुमारास केलेल्या प्रयोगांतून दिसले. काम अगदी सोपे होते. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्या कार्डावर तीन. पहिलीएवढी लांब रेघ कोणती ते सांगायचे. एकटा असताना माणूस यात जवळजवळ चुकत नाही. ॲश यांनी त्याला सात-आठ जणांत बसवले. बाकीचे सगळे आधीच ठरवून ठेवलेले होते आणि काही फेऱ्यांत ते एकमुखाने चुकीची रेघ सांगत. अशा फेऱ्यांत खऱ्या सहभागींची सुमारे एकतृतीयांश उत्तरे गटासारखी चुकीची आली, आणि सुमारे तीनचतुर्थांश जण निदान एकदा तरी गटामागे गेले. तिथे कोणी कोणाला आग्रह केला नव्हता, मैत्री पणाला लागली नव्हती. रेघेच्या लांबीबद्दल जर ही गत, तर वसतिगृहाच्या खोलीत जिवलग मित्रांसमोर काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको.

वयाचाही यात वाटा आहे. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगवेगळ्या वयाच्या लोकांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला होता. दिवा पिवळा झाल्यावर गाडी किती पुढे दामटायची, हे खेळणाऱ्याने ठरवायचे. सोबत मित्र बसले की कुमारवयीन मुले एकट्यापेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करत; प्रौढांवर मित्रांच्या असण्याचा तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे ज्या वयात नकार सर्वांत जास्त लागतो, त्याच वयात तो सर्वांत अवघड असतो. मुलांना ‘ठामपणे नाही म्हण’ असे बजावणाऱ्या मोठ्यांनी स्वतःचे ते वय आठवून बघावे.

या पार्श्वभूमीवर सबब हे लबाडीचे नाही, सोयीचे साधन ठरते. सबब सांगणारा मित्राला दुखवत नाही, त्याच्या पिण्यावर शेरा मारत नाही, आणि दोष आजारावर, देवावर किंवा वडिलांवर टाकून मोकळा होतो. त्या संध्याकाळपुरते सगळ्यांचे निभावते. अडचण सुरू होते ती दुसऱ्या संध्याकाळी. प्रत्येक सबबीत एक कबुली दडलेली असते की एरवी मला चालले असते. ‘आज चतुर्थी आहे’ म्हणणाऱ्याला उद्याचे आमंत्रण त्याच क्षणी मिळते. औषधाचा कोर्स पाच दिवसांत संपतो. श्रावण संपला की मित्र मोजून हजर होतात. शिवाय कारण दिले की ते सोडवण्याचा हक्क समोरच्याला मिळतो. गाडीची काळजी असेल तर ‘तुझी मोटरसायकल इथंच राहू दे, रिक्षाने जाऊ’. घरी वास येईल ही भीती असेल तर बडीशेप आहे, वेलदोडा आहे. वडिलांची भीती असेल तर ‘माझ्याकडेच झोपायला ये, मी काकूंना फोन करतो’. आग्रह करणारा आता दबाव आणत नसतो, त्याच्या दृष्टीने तो मदत करत असतो. एकेक कारण निकालात निघते आणि शेवटी नाकारणाऱ्याच्या हातात काहीच उरत नाही.

सरळ नकाराची मोहीम अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर झाली. १९८२मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथील एका शाळेत, अमली पदार्थ कोणी देऊ केले तर काय करायचे असे एका मुलीने विचारल्यावर राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी नॅन्सी रेगन यांनी ‘नुसतं नाही म्हणायचं’ असे उत्तर दिले आणि तेच घोषवाक्य झाले. १९८३मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी ‘डेअर’ हा शालेय कार्यक्रम सुरू केला. गणवेशातले पोलीस वर्गात येऊन मुलांना नकार शिकवू लागले आणि पाहता पाहता तो देशभर पसरला. पुढे १९९०च्या दशकात त्याची तपासणी झाली तेव्हा मुलांच्या व्यसनांवर त्याचा टिकणारा परिणाम जवळजवळ दिसला नाही. उद्देश चांगला होता. पण मुलांना शब्द मिळाला आणि तो ज्या मित्रासमोर उच्चारायचा त्याच्याशी उद्या कसे बोलायचे, हे कोणी सांगितले नाही. वर्गात पोलिसासमोर म्हटलेले ‘नाही’ आणि गच्चीवर मित्रासमोर म्हणायचे ‘नाही’ यांत फार अंतर आहे.

ब्रिटनमधील सेलिया किट्झिंगर आणि हॅना फ्रिथ यांनी १९९९मध्ये तरुण मुलींच्या लैंगिक नकारासंदर्भात एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. रोजच्या बोलण्यात लोक कोणतीच गोष्ट ताडकन नाकारत नाहीत. ते क्षणभर थांबतात, अडखळतात, आधी आभार मानतात, मग कारण सांगतात. आणि ऐकणाऱ्याला तो नकार आहे हे पुरते कळते. म्हणून मुलीने स्पष्ट ‘नाही’ म्हटले नाही, ही तक्रार खोटी ठरते. ज्याला समजून घ्यायचे नसते तोच न समजल्याचा आव आणतो. हे दारूच्या बैठकीलाही तितकेच लागू आहे. सबब ऐकणाऱ्याला ती सबब आहे हे बहुतेक वेळा ठाऊक असते. तरीही तो कारण खोडत बसला, तर तिथे कमी पडलेला तो आहे. सबब सांगणारा नाही.

या दोन्ही वाटा एकाच आयुष्यात पाहायच्या असतील तर गांधीजींच्या आत्मकथेतले पहिले काही भाग वाचावेत. राजकोटला शाळेत असताना एका धीट, बळकट मित्राने त्यांना पटवले की इंग्रज मांस खातात म्हणून राज्य करतात. चोरून मांसाहार सुरू झाला. त्या दिवशी घरी जेवण जात नसे, मग आईला सांगायचे की भूक नाही, पचन बिघडले आहे. मित्राला नाही म्हणता आले नाही म्हणून आईला सबब सांगावी लागली. शेवटी आईवडिलांशी खोटे बोलणे असह्य झाले तेव्हा त्यांनी मित्राला आपला निर्णय कळवला आणि ते थांबले.

१८८८मध्ये, अठराव्या वर्षी, ते इंग्लंडला निघाले ते मद्य, मांस आणि परस्त्री यांना स्पर्श न करण्याची आईसमोर घेतलेली प्रतिज्ञा बरोबर घेऊन. तिथला एक हिंदी मित्र त्यांच्या तब्येतीच्या काळजीने मांस खाण्याविषयी मागे लागला. एकदा त्याने इंग्रज तत्त्वज्ञ बेंथमचा ग्रंथ वाचून दाखवायला सुरुवात केली. गांधीजींनी वाद घातला नाही. मांस आवश्यक असेल हेही त्यांनी मान्य केले. पण प्रतिज्ञा मोडणार नाही आणि याबाबत वाद करणार नाही, एवढेच सांगितले. पुढे हॉलबर्नच्या भपकेबाज हॉटेलात त्यांनी वाढप्याला बोलावून सूपमध्ये काय आहे ते विचारले, तेव्हा मित्र वैतागला आणि त्यांना बाहेर जाऊन दुसरीकडे जेवायला सांगितले. ते आनंदाने उठले. शेजारचे शाकाहारी उपाहारगृह बंद होते, म्हणून उपाशीच राहिले आणि ठरल्याप्रमाणे त्याच मित्राबरोबर नाटकाला गेले. तो प्रसंग पुन्हा कोणी काढला नाही आणि मैत्रीही टिकली. उलट मित्राच्या समाधानासाठी त्यांनी नंतर उंच टोपी घेतली, नाचाचे धडे घेतले, व्हायोलिनही शिकून पाहिले. जिथे तत्त्व नव्हते तिथे त्यांनी मित्राचे मन राखले. सरळ नकार देणाऱ्याला सगळीकडेच ताठ राहावे लागत नाही, हे यातून दिसते.

महाराष्ट्राजवळ असा नकार सोपा करणारी एक जुनी सोय आहे, वारकऱ्याची तुळशीची माळ. ‘तो माळकरी आहे’ एवढे कळले की मटणाच्या पंगतीतही कोणी त्याला आग्रह करत नाही, उलट त्याच्यासाठी वेगळी चूल मांडतात. दारू सुटावी म्हणून माळ घालणारी माणसेही गावोगावी दिसतात. माळ हे त्या दिवसाचे कारण नसते. तो माणूस कोण आहे ते ती सांगते, आणि त्यात सोडवण्यासारखी अडचण कोणाला सापडत नाही. व्हेनेसा पॅट्रिक आणि हेन्रिक हॅग्टवेट यांच्या २०१२च्या संशोधनातही असेच दिसले. ‘मला ते खाता येणार नाही’ असे स्वतःला सांगणाऱ्यांपेक्षा ‘मी ते खात नाही’ असे सांगणारे मोहाला अधिक टिकून राहिले. मनाई बाहेरून आल्यासारखी वाटली की तिच्याभोवती पळवाटा शोधल्या जातात.

तरीही काही जागी सबबच योग्य. जिथे नकाराने अंगावर धोका येतो तिथे सरळपणाची अपेक्षा ठेवणे क्रूरपणाचे आहे. रॅगिंग करणारे वरच्या वर्गातले विद्यार्थी हे बरोबरीचे नसतातच, त्यांच्या हाती सत्ता असते. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९पासून कायदा आहे; पण त्या रात्री आधी खोलीबाहेर पडणे महत्त्वाचे, आणि त्यासाठी पोटदुखीचे सोंगही चालेल. दारू प्यालेला मित्र गाडी चालवणार असेल तर ‘उलटी होतेय’ म्हणून उतरलेली मुलगी शहाणीच. काही घरांत मुलांनी एक ठरलेले अक्षर मोबाइलवर पाठवले की आईने लगेच फोन करून तातडीने घरी बोलवायचे, अशी खूण असते. ही सोय प्रत्येक घरात असावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मूल घरी आल्यावर त्या रात्री उलटतपासणी होऊ नये.

काही कारणे सबब वाटली तरी निखळ खरी असतात. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वयाची २५ वर्षे पूर्ण असावी लागतात, बिअरसाठी २१. म्हणजे महाविद्यालयातल्या बहुतेकांना कायदाच नाही म्हणतो. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणे गुन्हा आहे. अशी कारणे जरूर सांगावीत.

सरळ नकाराला लांबी लागत नाही. ‘मी घेत नाही, माझ्यासाठी लिंबू सरबत सांग’ एवढे पुरते. त्याला प्रवचन जोडले की मात्र तो बिघडतो. यकृताचे काय होते, घरे कशी उद्ध्वस्त होतात हे त्या टेबलावर ऐकवले की समोरच्याला तो आपल्यावरचा निवाडा वाटतो आणि मग हट्टाला पेटणे त्यालाही भाग पडते. पहिल्या-दुसऱ्या वेळी थोडी थट्टा होते. पुढे बरेचसे मित्र विचारणेच सोडतात, चकण्याची ताटली तेवढी त्याच्याकडे सरकवतात. जो तरीही सोडत नाही, त्याच्या आग्रहात मैत्रीपेक्षा दुसरेच काही असते, आणि त्याच्यापासून थोडे लांब बसणे बरे.

सबबीची एक उणीव बहुतेक वेळा लक्षात येत नाही. ॲश यांच्या प्रयोगात एका जरी साथीदाराने खरे उत्तर दिले, तरी गटामागे जाणे सुमारे एकचतुर्थांशावर येत असे. त्याच टेबलावर आणखी एखाद्यालाही नको असते आणि तो कोणीतरी आधी म्हणेल याची वाट पाहत असतो. सबब त्याच्या कामाची नसते, कारण अँटिबायोटिक दुसऱ्याचे असते. ‘मी घेत नाही’ हे मात्र त्यालाही लगेच म्हणता येते. ॲश यांनी आणखी एक करून पाहिले होते: साथीदार काही फेऱ्यांनंतर बहुमताला जाऊन मिळाला की मागे राहिलेला पुन्हा पूर्वीसारखाच चुकू लागे. तासभर नाही म्हणून शेवटी ‘चल, आज तुझ्यासाठी’ म्हणत पेला उचलणाऱ्याला हे माहीत नसते, पण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तेव्हा आणखी एक पेला उचलला जाण्याची शक्यता वाढलेली असते.