मधली पायरी

२०२४ च्या जानेवारीतली गोष्ट. कॅनबेरात रात्रीचे साडेनऊ, साताऱ्यात दुपारचे चार. व्हिडिओ कॉलवर बाबा आणि त्यांच्यासमोर इकडे येताना मी घरी ठेवलेला लॅपटॉप. त्यावर अजून उबुंटू १८.०४. त्या आवृत्तीचे नेहमीचे सुरक्षा अपडेट मे २०२३ मध्येच थांबले होते आणि बाबा त्यावरून बँकेचे व्यवहार करत होते.

"चालतंय ना गं? मग कशाला हात लावायचा?" हे वाक्य तुमच्याही घरी ऐकलं असेल. पण खरं कारण वेगळं होतं. आईने शेवटच्या वर्षी टाइप केलेल्या पन्नासेक पाककृती त्यात होत्या.

म्हणून आधी बाहेरच्या डिस्कवर आरसिंकने होम फोल्डरची प्रत घेतली. आरसिंक म्हणजे १९९६ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी इथल्याच ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत केलेलं काम. मी रोज त्याच आवारात जाते म्हटल्यावर बाबांचा जरा विश्वास बसला.

मग कमांड. 'एपीटी अपडेट' फक्त पॅकेजेसची यादी ताजी करते, 'एपीटी अपग्रेड' पॅकेजेस बदलते आणि सगळी आवृत्तीच बदलायची तर 'डू-रिलीज-अपग्रेड'.

"अगं, पासवर्ड उमटतच नाहीये!"

"तो दिसत नाही, बाबा. टाइप करून एंटर दाबा."

१८.०४ वरून थेट २२.०४ वर जाता येत नाही. मध्ये २०.०४ वर थांबावंच लागतं. पॅकेजेस बसत असतानाच साताऱ्यात वीज गेली. जुन्या बॅटरीने दहा मिनिटांत मान टाकली. बाबा काहीच बोलले नाहीत. मलाही सुचेना.

तासाभराने वीज आली. अर्धवट राहिलेली पॅकेजेस पुरी करणारी डीपीकेजीची कमांड मी एकेक अक्षर सांगितली, बाबांनी चष्मा सावरत टाइप केली. ओळी सरकू लागल्या. वाट बघताना बाबांनी, डॉक्टरांनी सुचवलेल्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनबद्दल पहिल्यांदाच सांगितलं. आई गेल्यापासून मी एकदाच, पंधरा दिवस घरी गेले होते. एरवी फोनवर दोन्हीकडून "सगळं ठीक".

यंत्र सुरू झालं तेव्हा बाबांनी सगळ्यात आधी आईचा फोल्डर उघडला आणि कटाच्या आमटीची कृती मोठ्याने वाचली. २२.०४ दुसऱ्या दिवशी घेतलं, तेव्हा बाबांना माझी फारशी गरज पडली नाही.

सुट्टीत घरी जाल तेव्हा आईवडिलांच्या यंत्रावरची आवृत्ती बघा, एक बॅकअप घ्या आणि जवळ बसूनच अपग्रेड करा. वर्षानुवर्षं राहिलेलं काम एका रात्रीत फोनवरून उरकताना फार भीती वाटते.

परवा बाबांनीच विचारलं, "२४.०४ आलंय म्हणे. कधी घ्यायचं?"

म्हटलं, "दिवाळीत. मी येतेय, समोर बसून करू."