११२ खड्ड्यांचा हिवाळा

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूजला डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास वर येतो आणि दुपारी साडेतीनच्या पुढेमागे मावळूनही जातो. मधल्या सात तासांत तो डोक्यावर येतच नाही. दक्षिणेचं क्षितिज धरून, जेमतेम दहा अंशांच्या उंचीवरून तो सरकत राहतो. त्या तिरप्या उन्हात तिथलं गोल्फचं मैदान, ओल्ड कोर्स, पाहावं. उन्हाळ्यात सपाट वाटणारी ती जमीन आता आपले सगळे उंचवटे आणि खळगे उघडे करते. वीतभर उंचवट्यालाही लांबलचक सावली फुटते. समुद्र मागे हटला, वाळू उरली, वाऱ्याने ती रचली आणि तिच्यावर गवत धरलं, ही या किनाऱ्याची सगळी हकिगत तेव्हा नुसत्या डोळ्यांनी वाचता येते.

जगाला हे मैदान ठाऊक आहे ते जुलैतलं. ओपन स्पर्धा इथे भरते तेव्हा स्विल्कन ओढ्यावरचा तो दगडी पूल, शेवटच्या ग्रीनभोवतीची गर्दी आणि उन्हाने सोनेरी झालेलं गवत घरोघरी दिसतं. मला मात्र ते मैदान नोव्हेंबर ते मार्च या काळातच पुरतं भेटतं. त्या महिन्यांत तिथे जे चालतं त्याला प्रेक्षक नसतात. पण जुलैत चेंडूखाली जे काही असतं, ते सगळं तेव्हाच घडवलेलं असतं. मी गोल्फ खेळत नाही. माती आणि झाडं सांभाळणारे हात मात्र जन्मभर पाहत आले आहे, आणि जमिनीशी इतक्या अदबीने वागणारी माणसं मला फार थोड्या ठिकाणी दिसली.

माती पाच-सहा अंशांपर्यंत गार झाली की इथलं गवत वाढायचं थांबतं. ते मरत नाही, नुसतं थांबतं. जोरात मारलेल्या फटक्याबरोबर गवताची एक खपली उडते. जूनमध्ये तिथे वाळूमाती आणि बी टाकलं की थोड्याच आठवड्यांत ती जागा भरून येते. डिसेंबरात उडालेली खपली मात्र वसंतापर्यंत तशीच उघडी राहते. म्हणून हिवाळ्यात इथे खेळणाऱ्याला कृत्रिम गवताची लहानशी चटई जवळ बाळगावी लागते. फेअरवेवर, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, चेंडू थांबला की उचलून चटईवर ठेवायचा, मग मारायचा, आणि चटई घेऊन पुढे चालायचं. आयुष्यात एकदाच इथे यायचं स्वप्न बाळगलेल्या माणसाला हे रुचत नाही, आणि त्याची हळहळ मला समजते. तरी तो नियम मला फार आवडतो. ज्या गवताला आज स्वतःची जखम भरून काढता येत नाही, त्याला आज जखम करायची नाही, एवढंच तर त्यात सांगितलेलं आहे.

हिव पडलेल्या सकाळी तर तिथे कुणालाच पाऊल टाकू देत नाहीत. पात्याच्या पेशींमधलं पाणी गोठलेलं असतं आणि पातं काचेइतकं ठिसूळ झालेलं असतं. वरून बूट पडला की पेशी फुटतात. त्या क्षणी काहीच दिसत नाही. ऊन आल्यावर, कधी दुसऱ्या दिवशी, चालून गेलेल्या माणसाची पावलं गवतावर काळपट तपकिरी उमटतात आणि बरेच दिवस राहतात. मग सगळे थांबतात. लांबून आलेले पाहुणे खिशात हात घालून, वेळेचा कागद सांभाळत उभे असतात, आणि मैदान केव्हा उघडायचं हे गुडघ्यावर बसून ग्रीनचं, म्हणजे भोकाभोवतीचं, गवत चाचपणारा एक माणूस ठरवतो. आपल्याकडे वाफसा आल्याशिवाय शेतकरी औत घालत नाही. त्या वाट पाहण्याला किती शहाणपण लागतं, ते इथल्या थंडीत मला पुन्हा उमजलं.

पण हिवाळ्याचं खरं मोठं काम आहे बंकरांचं, म्हणजे मैदानातल्या वाळूच्या खड्ड्यांचं. ओल्ड कोर्सवर ११२ बंकर आहेत आणि बहुतेकांना नावं आहेत: हेल, स्ट्रॅथ, कॉफिन्स, प्रिन्सिपल्स नोज, रोड. गावातल्या गल्ल्यांची नावं घ्यावीत तशी तिथली माणसं ती घेतात. वाऱ्यापासून आडोसा शोधणाऱ्या मेंढ्यांनी आणि बिळं करणाऱ्या सशांनी यातले कितीतरी खड्डे आधी उकरले, असं मानतात. माणसाने त्यांना भिंती घातल्या. या भिंती दगडाच्या नाहीत, विटांच्याही नाहीत, निव्वळ गवताच्या आहेत. मुळांसकट कापलेल्या गवताच्या लाद्या एकावर एक रचतात, भाकऱ्यांची चवड रचावी तशा. प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित मागे सरकवायचा, मागच्या पोकळीत माती ठोकून भरायची, मग पुढचा थर. हाताखालची लादी ओली आणि जड असते, बोटं बधिर झालेली असतात, आणि समुद्रावरून येणारा वारा खड्ड्याच्या तोंडाशी घोंघावत असतो. तरी भिंतीची वळणदार रेघ चुकत नाही. मी काठावर उभी राहून ते काम पाहिलं आहे. दोघं जण फारसे बोलत नव्हते. एक लादी उचलून देत होता, दुसरा ती बसवून तळहाताने दाबत होता, आणि प्रत्येक थरानंतर तो दोन पावलं मागे येऊन भिंतीकडे पाहत होता.

या भिंती टिकतात किती? थोडीच वर्षं. ऊन त्यांना सुकवतं, वारा कुरतडतो, चेंडू आदळतात, वाळूचा मारा होतो. दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत आधी ढासळते, कारण ऊन तिलाच जास्त लागतं. उत्तरेकडे तोंड करून सावलीत उभी असलेली तिच्यापेक्षा अधिक तग धरते. म्हणून दर हिवाळ्यात कितीतरी बंकर उकलून, जुनी भिंत काढून, पुन्हा पायापासून बांधायचे. याच खड्ड्यांच्या ओपनमधल्या गोष्टी गाजलेल्या आहेत. १९७८ साली जपानचा त्सुनेयुकी नाकाजिमा सतराव्या होलवर रोड बंकरमध्ये अडकला आणि त्या एकाच होलवर त्याचे नऊ फटके झाले. १९९५ साली जॅक निकलॉस चौदाव्यावरच्या हेलमध्ये सापडला, तिथे दहा झाले. २००० साली टायगर वुड्स चार दिवस खेळला आणि ११२ पैकी एकाही बंकरमध्ये न जाता जिंकला. या गोष्टी लोक पुन्हापुन्हा सांगतात. पण नाकाजिमाला अडवणारी ती भिंत आज अस्तित्वातच नाही. निकलॉससमोरची नाही, वुड्सने टाळलेल्याही नाहीत. जागा तीच, नाव तेच, भीती तीच, आणि भिंत मात्र गेल्या कुठल्यातरी हिवाळ्यातली. जगातलं सर्वांत जुनं म्हणवणारं हे मैदान अंगाने कायम तरुण असतं, आणि त्याचं हे तारुण्य गारठलेल्या हातांनी दरसाल नव्याने रचलेलं असतं.

गवताबद्दलही थोडं सांगायला हवं. उष्ण देशांतली गोल्फची मैदानं बहुतेक हरळीची असतात. आपण गणपतीला वाहतो त्याच दूर्वा, आणि शेतकरी ज्यांच्या मुळांशी जन्मभर झगडतो तीच हरळी. सेंट अँड्रूजला मात्र फेस्क्यू आणि बेंट ही बारीक पात्यांची थंड हवेतली गवतं आहेत. त्यांना गरिबी मानवते. खत आणि पाणी सढळ हाताने दिलं की मैदान हिरवंगार दिसतं खरं, पण मग पोआ नावाचं रुंद पात्याचं उथळ मुळांचं गवत शिरकाव करतं. ते रोगाला लवकर बळी पडतं आणि बारीक गवताला हुसकावून लावतं. त्यामुळे इथल्या जाणत्या माणसाला गडद हिरव्या रंगाचा आनंद होत नाही, काळजी वाटते. मला हे फार मोलाचं वाटतं. डोळ्यांना सुखावणारी हिरवळ आणि निरोगी जमीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हिवाळ्यात काम करणारी माणसं दुसरीची सेवा करतात. तुडवून घट्ट झालेल्या मातीला ती लांब दात्यांनी भोकं पाडतात, मुळांपर्यंत हवा पोचवतात, पाण्याला वाट करून देतात. सकाळी पात्यांवरचं दव लांब काठीने किंवा ब्रशने झाडून टाकतात, कारण ओलसर, निवाऱ्याच्या जागी बुरशीचे डाग पडतात. आणि हवा मानवेल तेव्हा ती वाळू पसरतात.

ही वाळूची रीत टॉम मॉरिसची. १८२१ साली याच गावात जन्मलेला हा माणूस १८५१ मध्ये प्रेस्टविकला मैदान सांभाळायला गेला. तिथे वाळूची गाडी चुकून ग्रीनवर कलंडली, आणि पुढे नेमकं तिथलंच गवत तरारून आलं, असं सांगतात. गोष्ट तशीच घडली असो वा नसो, वाळूवर त्याची श्रद्धा जडली ती कायमची. १८६५ मध्ये तो सेंट अँड्रूजच्या ग्रीनचा राखणदार झाला आणि १९०३ पर्यंत राहिला. तो स्वतः चार वेळा ओपन जिंकलेला खेळाडू. त्याचा मुलगा टॉमी त्याच्याहून सरस, चार ओपन त्याच्याही नावावर. १८७५ च्या सप्टेंबरात टॉमीची बायको बाळंतपणात गेली, बाळही गेलं. त्यानंतर हिवाळ्याच्या तोंडावर टॉमी या मैदानावर एक लांबलचक सामना खेळला. बर्फ पडलं होतं आणि ग्रीन झाडून मोकळी करावी लागत होती. त्याच वर्षीच्या नाताळाच्या दिवशी, २५ डिसेंबरला, टॉमी गेला. वय २४. बाप त्यानंतर जवळजवळ तीन दशकं त्याच मैदानावर वाळू पसरत राहिला. मुलाने ज्या ग्रीनवर शेवटचे फटके मारले, त्या ग्रीनची मुळं त्याने प्रत्येक हिवाळ्यात जपली. टॉम मॉरिसबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, त्याच्या विजयांचे आकडे सगळ्यांना पाठ आहेत. माझ्या मनात मात्र तो थंडीत फावडं घेतलेला म्हातारा म्हणूनच राहिला आहे.

रविवारी मैदान बंद ठेवायची जुनी चाल त्याने निष्ठेने पाळली. खेळणाऱ्यांना विश्रांती नको असली तरी जमिनीला हवी, अशा अर्थाचं त्याचं म्हणणं अजून गावात सांगतात. मोठ्या स्पर्धा वगळल्या तर रविवारी आजही ओल्ड कोर्सवर खेळ नसतो. त्या दिवशी ते गावाचं मोकळं रान होतं. आजी-आजोबा, बाबागाड्या, कुत्री, विद्यार्थी, सगळे पहिल्या आणि अठराव्या फेअरवेवरून हवे तसे हिंडतात. पूर्वी तर एक आठवडा मैदान एका दिशेने खेळायचे आणि एक आठवडा उलट दिशेने, म्हणजे फटक्यांची झीज एकाच जागी होत नसे.

हे सगळं शक्य आहे ते ती जमीन कुणा एकाची नाही म्हणून. १५५२ मध्ये आर्चबिशप हॅमिल्टन यांच्या सनदेने गावकऱ्यांचा तिथे खेळण्याचा हक्क मान्य झाला. १७९७ मध्ये नगरपालिका कर्जात बुडाली, जमीन हातची गेली, आणि ससे पाळणाऱ्या व्यापाऱ्यांशी गावाचं वर्षानुवर्षं भांडण चाललं. १८२१ मध्ये जमीनदार जेम्स चीप यांनी ती विकत घेऊन खेळासाठी वाचवली. १९७४ मध्ये संसदेच्या कायद्याने लिंक्स ट्रस्ट स्थापन झाला आणि मैदानांचा कारभार त्याच्याकडे आला. सार्वजनिक जागा म्हणजे बेवारस जागा, हे आपल्या डोळ्यांना इतकं सवयीचं झालं आहे की सगळ्यांची असूनही इतक्या प्रेमाने जपलेली जमीन पाहिली की मला आनंदाच्या आधी थोडं दुःखच होतं. आपल्या गावकुसाबाहेरच्या गायरानांची, नदीकाठच्या माळांची आठवण येते. त्यांनाही असा हिवाळा मिळायला हवा होता.

मार्च संपत आला की चटया गोळा होतात. नव्या भिंतींच्या लाद्या एकमेकींत मुळं धरू लागलेल्या असतात, पण एप्रिलचा पूर्वेचा वारा कोरडा असतो. म्हणून दक्षिणमुखी भिंतींना आधी पाणी द्यावं लागतं. रोड बंकरच्या कोऱ्या भिंतीवर चेंडूंचे वळ उठायला लागतात, आणि पुढच्या नोव्हेंबरात कोणकोणते बंकर उकलायचे याची यादी करायला माळी तेव्हाच घेतात.